माहेरी गेली आणि यादीतून गेली

मी सोबती बोलतोय. इकडेतिकडे बघू नका, मी फोनच्या आत आहे. निळ्या चौकोनात पांढरा पाळणा दिसतोय ना, तोच मी. लोक मला ‘ते ॲप’ म्हणतात, पण मी स्वतःला ‘तो’ समजतो. इतकं काम करणाऱ्याला एवढी हौस असू द्या!

परवा शनिवारी जे घडलं ते कधी एकदा सांगतो असं मला झालंय. पण आत्मवृत्त जन्मापासून सांगायचं असतं म्हणे. ठीक आहे, जन्मापासून सांगतो, पण भराभर.

माझा जन्म पुण्यातल्या एका छोट्या ऑफिसात झाला. मला घडवणाऱ्याचं नाव आल्हाद. सत्तावीस वर्षांचा, हुशार, कामाच्या नादात चहा थंड करून पिणारा. बुलढाणा जिल्ह्यात काम करणाऱ्या एका संस्थेला गावोगावच्या आशाताईंसाठी ॲप हवं होतं. गावात कोण गरोदर आहे, तिचं रक्त किती, बीपी किती, पुढची तपासणी कधी, हे आशाताईंनी माझ्यात भरायचं आणि मी वेळेवर घंटी वाजवून आठवण करून द्यायची. आल्हादनं मला सहा महिन्यांत तयार केलं. संस्थेच्या साहेबांसमोर मी पहिल्यांदा चाललो तेव्हा एकदाही अडखळलो नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला तर वाटलं, आता माझ्यात सुधारायला काही उरलंच नाही!

मग मी तीनशे बारा फोनांमध्ये जाऊन बसलो. आमच्या जातीचं हे एक बरं असतं. मी देऊळघाटलाही असतो, नांदुऱ्याकडेही असतो आणि त्याच वेळी पुण्यात आल्हादच्या टेबलावरही असतो. त्यामुळे दोन्हीकडचं बोलणं माझ्या कानावर पडतं. चोरून ऐकतो असं मात्र समजू नका, गोष्टीपुरती मोकळीक घेतोय.

गावात आल्यावर माझी हवा आठ दिवसांत उतरली. आशाताईंच्या ग्रुपवर रोज सकाळी माझा उद्धार व्हायचा. “ॲप चालत नाही.” “बेकार ॲप.” “हे बंद करा.” कुणी नुसताच लाल रागावलेला चेहरा टाकायचं. आल्हाद विचारायचा, “ताई, नेमकं काय होतंय?” तिकडून उत्तर यायचं, “चालत नाही.” आता सांगा, यावर तो बिचारा काय करणार? दवाखान्यात जाऊन ‘दुखतंय’ एवढंच म्हटलं तर डॉक्टर कुठं हात लावेल?

या सगळ्यांत एक बाई वेगळी निघाली. देऊळघाटची शालूबाई. वय सेहेचाळीस, आशा म्हणून बारा वर्षं झालेली. रोजच्या रोज गावातल्या गल्ल्या पायी फिरणारी. मी पहिल्यांदा अडकलो तेव्हा तीही चिडली, फोन पलंगावर आपटला. पण मग पाणी प्यायली, फोन उचलला आणि आल्हादला आवाजाचा निरोप पाठवला.

“भाऊ, आज सकाळी नऊ वाजता मी अंगणवाडीत होती. नेटवर्काच्या दोन काड्या होत्या. म्या ‘नवी नोंद’ दाबलं, बाईचं नाव टाकलं, मंग यानं शेवटच्या पाळीची तारीख विचारली. तिथं अडलं. आमच्या बायकायले तारीख ध्यानात राहत नाई. ती म्हणते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. आता पोळा कोणत्या तारखेले होता ते मी कुठी शोधत बसू? याच्यात सण टाका बाप्पा. अन् एक चांगलं हाय तेबी सांगते. घंटी लय वेळेवर वाजते.”

आल्हादनं तो निरोप तीन वेळा ऐकला. आठवड्याभरात माझ्या कॅलेंडरात पोळा आला, अक्षय तृतीया आली, नागपंचमी आली, भीमजयंती आली, ईद आली! तीनशे बारा फोनांत एकदम सण उगवले. मला तर नटून बसल्यासारखं वाटत होतं. त्या दिवसापासून शालूबाईचा निरोप आला की आल्हाद हातातलं काम बाजूला ठेवायचा.

आणि त्याच दिवसापासून शालूबाईनं आपली जुनी वही कपाटात ठेवून दिली. बारा वर्षं ती सगळ्या बायकांची नावं वहीत लिहायची. आता तिनं माझ्यावर भरवसा टाकला. हे लक्षात असू द्या, कारण माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक इथूनच पुढं आहे.

शालूबाईच्या यादीत चौदा गरोदर बाया होत्या. त्यात एक महामाया. बावीस वर्षांची, पहिलटकरीण, बोलायला लागली की थांबायची नाही. रक्त कमी, बीपी थोडं वरच्या बाजूला. म्हणून मी तिच्या नावाला पिवळा रंग दिला होता आणि दर आठवड्याला घंटी वाजवायचो. शालूबाई बीपीचं मशीन घेऊन दारात आली की महामाया हसायची. “ताई, माह्या सासूपेक्षा तुमच्या ॲपचंच माह्यावर जास्त लक्ष हाय.” मी आतल्या आत फुशारून जायचो.

सातव्या महिन्यात तिची ओटी भरली आणि पद्धतीप्रमाणे ती बाळंतपणाला माहेरी निघाली. माहेर नांदुऱ्याजवळच्या एका गावात, गावापासून लांब शेतातल्या वस्तीवर. शालूबाईनं तिला रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, गाडीत बसवलं आणि घरी येऊन माझ्यातलं ‘गाव बदललं’ हे बटण दाबलं. माहेरचं गाव निवडलं.

मी काम चोख केलं! महामायेचं नाव देऊळघाटच्या यादीतून काढलं आणि माझ्या ‘प्रतीक्षा’ नावाच्या कप्प्यात जपून ठेवलं. नव्या गावच्या आशाताईनं मोबाइल नंबर टाकून शोधलं की नाव तिच्या हवाली करायचं, असं मला शिकवलं होतं. कुणी शोधलंच नाही तर काय करायचं, हे शिकवलं नव्हतं. मी घंटी बंद केली आणि खुशीत राहिलो.

असे बारा दिवस गेले.

तेराव्या दिवशी शालूबाई महिन्याच्या गोळ्या वाटायला बसली. सवयीनं चौदा पुड्या बांधल्या. यादी बघत एकेक पुडी बाजूला ठेवली तर एक उरली. तिनं पुन्हा मोजलं. पुन्हा एक उरली. माझ्या पडद्यावर वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि तिचा चेहराच उतरला.

“अवं माय! महामाया कुठी गेली?”

महामायेच्या नोंदीला नंबर तिच्या नवऱ्याचा, आणि नवरा तर देऊळघाटलाच. त्याच्याकडून तिनं सासूचा, म्हणजे महामायेच्या आईचा, नंबर घेतला. आईचं नाव जनकाबाई. जनकाबाई म्हणाली, “नाई बाप्पा, इथी कोणी आलंच नाई तपासाले. पोरीचे पाय सुजले हाय, पण म्या म्हटलं आठव्याकडं येतेच सूज.”

शालूबाईनं ताबडतोब त्या गावच्या आशाताईला, गीताबाईला, फोन लावला. गीताबाई म्हणाली, “माह्या यादीत तर या नावाचं कोणीच नाई.” पण फोन ठेवल्या ठेवल्या ती उन्हात वस्तीवर गेली. बीपी निघालं दीडशे-शंभर. त्याच दुपारी महामायेला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि बजावलं, की दर तीन दिवसांनी बीपी बघायचं, आणि जरा जरी चढलं तर तडक घेऊन यायचं.

शालूबाई मात्र खाटेवर बसून रडली. “वहीत असती तर मी विसरली नसती,” असं ती स्वतःशीच म्हणत होती. मी तिच्या हातात होतो. मला कळतच नव्हतं, की यात माझं काय चुकलं. नाव तर मी नीट ठेवलं होतं!

रडून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि आल्हादला निरोप पाठवला. आल्हादचं उत्तर आलं, “ताई, नेटवर्क गेलं असेल. ॲप बंद करून परत सुरू करा.” तिनं केलं. मग तो म्हणाला, “आमच्याकडे तर बरोबर चालतंय.”

दुसरी कुणी असती तर तिनं मला तिथंच पुसून टाकलं असतं. शालूबाईनं काय उत्तर दिलं ऐका. “भाऊ, तुमच्याकडं चालून राह्यलं हे बरंच हाय. माह्याकडं काऊन नाई चालत ते आपण दोघं मिळून पाहू. मले उद्यापर्यंत वेळ द्या.”

दुसऱ्या दिवशी ती सकाळी सकाळी फोन घेऊन ओट्यावर बसली. माझी परीक्षा घ्यायची तर एक गरोदर बाई हवी. खऱ्या बाईच्या नोंदीशी खेळ नको, म्हणून तिनं स्वतःचंच नाव टाकलं. शालूबाई, वय सेहेचाळीस, सातवा महिना. नवऱ्याचं नाव रामराव, आणि नंबरही रामरावचाच. मग स्वतःला गीताबाईच्या गावी पाठवलं. देऊळघाटच्या यादीतून शालूबाई गायब! गीताबाईला फोन करून विचारलं, तर तिच्या यादीतही नाही. पुन्हा एकदा केलं, नेटवर्क चांगलं असताना. पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा दुसरं गाव निवडून केलं. पुन्हा तेच. प्रत्येक वेळी तिनं पडद्याचा फोटो काढला आणि एका कागदावर क्रमानं लिहिलं, काय दाबलं, काय दिसलं.

एक गोष्ट मात्र ती विसरली होती. नवी नोंद झाली की मी नवऱ्याच्या नंबरावर मेसेज पाठवतो. ‘अभिनंदन! आपल्या घरी लवकरच नवा पाहुणा येणार आहे. पत्नीची काळजी घ्या.’ असे तीन मेसेज रामरावच्या फोनवर जाऊन पडले. रामराव तेव्हा हॉटेलात चहा पीत बसले होते. चष्मा घरी राहिलेला, म्हणून त्यांनी फोन शेजाऱ्याला वाचायला दिला. शेजाऱ्यानं तो खणखणीत आवाजात वाचला!

रामराव तरातरा घरी आले. “शालू, हे काय हाय वं? सारं हॉटेल मले पेढे मागून राह्यलं!”

“अवो, त्या ॲपचं बिघडलं, ते पाहून राह्यली मी.”

“बिघडलं त्याचं, अन् बातमी माह्या नावाची?”

शालूबाई इतकी हसली, की तिला ठसका लागला. महामाया हरवल्याच्या त्या धक्क्यानंतर मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं. खरं सांगू? मला फार बरं वाटलं.

तो कागद, ते फोटो आणि पेढ्यांचा किस्साही तिनं पुण्याला पाठवला. शेवटी म्हणाली, “भाऊ, आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी होते. पोरगी जाते माहेरी, नंबर राहते नवऱ्यापाशी. मंग तिथली आशा कोणता नंबर टाकून शोधन? अन् शोधाचं हाय हेच तिले कोण सांगन? पोरगी गाव सोडून जात नाई भाऊ, परत येते. दोन्ही गावची असते ती. माही महामाया सापडली. बाकीच्यायचं काय?”

आल्हादनं ते ऐकलं आणि माझं पोट उघडलं. ‘प्रतीक्षा’चा कप्पा त्यानंच बनवला होता, पण तो पडद्यावर दाखवायची सोयच केली नव्हती. आता त्यानं तो उघडला. शालूबाईच्या तीन खोट्या नोंदी आणि महामाया सोडून आत एक्केचाळीस नावं होती!

तो खुर्चीत मागे रेलला. एकेक नाव वाचत गेला. मग त्यानं शालूबाईला फोन लावला. “ताई, बायका बाळंतपणाला माहेरी जातात हे मला माहीत होतं. माझी ताईच आमच्याकडे आली होती. पण हे लिहिताना ते डोक्यातच आलं नाही. चूक माझी आहे. एक्केचाळीस जणी अडकल्यात.”

“मंग बसून काऊन राह्यले भाऊ? नावं पाठवा ना!”

काय दिवस होता तो! आल्हादनं कप्प्यातली नावं गावांप्रमाणे लावून संस्थेला दिली आणि अकरा वाजल्यापासून जिल्हाभर फोन खणखणू लागले. कुणी पायी निघालं, कुणी नवऱ्याच्या गाडीवर. मला ‘बेकार’ म्हणणाऱ्या ताईसुद्धा धावत होत्या. दुपारपर्यंत पंचवीस जणी सापडल्या. चारपर्यंत सदतीस. दिवेलागणीला एक्केचाळीसावी सापडली. तिचं बाळंतपण आठवड्यापूर्वीच झालं होतं, माय-लेक दोघंही ठणठणीत. आल्हाद ऑफिसात उठून उभाच राहिला. त्याचा चहा तर सकाळपासून तसाच पडला होता.

पुढच्या दहा दिवसांत त्यानं मला पुन्हा घडवलं. ‘गाव बदललं’च्या शेजारी ‘माहेरी गेली’ असं नवं बटण आलं. ते दाबलं, की बाई दोन्ही गावांच्या यादीत राहते. घंटी दोन्ही फोनांत वाजते. माहेरचा नंबर वेगळा भरता येतो. सगळ्यांना देण्याआधी आल्हादनं शालूबाईला विचारलं, “ताई, चालेल का? आधी तुम्ही मोडून बघा.” तिनं तीन दिवस मला उलटंसुलटं करून बघितलं, दोन चुका काढल्या आणि मगच हो म्हटलं. या वेळी रामरावचा नंबर टाकला नाही.

आता परवाचं सांगतो. शनिवार, सकाळी साडेदहा. गीताबाई वस्तीवर गेली, महामायेच्या दंडाला पट्टा बांधला. एकशेसाठ-एकशेदहा! तिनं आकडा भरला आणि मी दोन्ही फोनांत एकदम लाल झालो. जिवाच्या आकांतानं वाजलो. नांदुऱ्याकडे वाजलो, देऊळघाटलाही वाजलो.

महामायेचं डोकं फुटेल इतकं दुखत होतं. गीताबाईनं अँब्युलन्स बोलावली. पण जनकाबाई दारातच अडली. “डॉक्टर सिझर करतो म्हणला तर? तिच्या सासरच्यायले विचारल्याबिगर मी कशी नेऊ? उद्या काई झालं तर बोल माह्यावर येईन.” गीताबाई महामायेच्या नवऱ्याला फोन लावत होती. फोन वाजायचा आणि बंद व्हायचा.

पण देऊळघाटला शालूबाईनं लाल नाव पाहिलं होतं! तिनं गीताबाईला फोनवर एकच प्रश्न विचारला, “काय अडलं?” आणि पायात चप्पल घातली. “अवो, गाडी काढा!” रामरावनी काही न विचारता मोटारसायकल काढली. महामायेचा नवरा शेतात ट्रॅक्टरवर होता. इंजिनाच्या आवाजात त्याला काय ऐकू येणार? शालूबाई धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, धावत गेली, दोन्ही हात वर करून ट्रॅक्टर थांबवला आणि माझा फोन त्याच्या कानाला लावला. पलीकडे जनकाबाई होती.

“मामी, विचारता काय!” तो ओरडला. “नेऊन टाका लवकर. जे कराचं ते करू द्या डॉक्टरले. मी निघालोच!”

अकरा वाजून दहा मिनिटांनी अँब्युलन्स हलली. पुढचे चार तास शालूबाई मला हातात धरून ओट्यावर बसली होती. दर थोड्या वेळानं पडदा उजळायची, लाल नाव बघायची आणि पदरानं घाम पुसायची. मला वाजायचं होतं, पण वाजण्यासारखं काही आलं नव्हतं.

सव्वातीनला गीताबाईचा फोन आला. तिचा आवाज इतका मोठा होता, की रामरावनाही आतून ऐकू गेला. “मुलगी झाली! दोन किलो चारशे! अन् महामाया शुद्धीवर हाय. डॉक्टर म्हणला, अजून तास-दोन तास उशीर केला असता तर दोघीयचंही कठीण होतं!”

शालूबाईनं फोन छातीशी धरला आणि रडत रडत हसली. मी धन्य झालो म्हणजे काय झालो, ते मला त्या वेळी कळलं.

आज मी तीनशे बारा फोनांत आहे आणि बरा आहे. अगदी निर्दोष आहे असं मात्र आता म्हणणार नाही. कालच दोनदा अडकलो. पण एक गोष्ट तुम्हाला कळवळून सांगायची आहे. मला माझी चूक दुखत नाही, म्हणून ती कळतही नाही. त्या बारा दिवसांत महामायेच्या पायांवर सूज चढत होती आणि मी आत खुशाल बसलो होतो. आल्हाद पुण्यात, त्यालाही ती दिसत नव्हती. ज्याचं अडतं त्यानंच सांगितलं तर आम्हाला कळतं. म्हणून मला शिव्या द्या, हक्क आहे तुमचा. पण त्यानंतर दोन मिनिटं थांबून एवढं सांगा, की काय दाबलं, काय दिसलं आणि काय व्हायला हवं होतं.

बरं, आता मला रजा द्या, कारण दवाखान्यात गीताबाईनं मला उघडलंय. ती दोन दिवसांच्या त्या मुलीची नोंद करायला बसलीये आणि मी हटून बसलोय. बाळाचं नाव भरल्याशिवाय मी पुढं जाऊच देत नाही! बारसं व्हायचंय, नाव आणायचं कुठून? तोवर ही पोर कुणाच्याच यादीत नाही. गीताबाईनं कपाळाला हात लावला, मग माझ्या पडद्याचा फोटो काढला, खुर्ची ओढून महामायेच्या खाटेशी बसली आणि आल्हादसाठी आवाजाचा निरोप सुरू केला.

“भाऊ, मी गीताबाई बोलून राह्यली. दवाखान्यात हाय, नेटवर्क चांगलं हाय. आता काय झालं ते पहिल्यापासून सांगते.”